औषधांना न जुमानणारी आकडी आणि ब६ जीवनसत्त्व

नवजात बाळाला आकडी आली की डॉक्टर आधी रक्तातली साखर आणि कॅल्शियम बघतात. जन्मताना प्राणवायू कमी पडला का, जंतुसंसर्ग आहे का, हेही तपासतात आणि फेनोबार्बिटोन सुरू करतात. तरीही काही बाळांची आकडी थांबत नाही. एकामागून एक औषधे थकतात. अशा मोजक्या बाळांना खरी गरज असते ती ब६ जीवनसत्त्वाची, म्हणजे पायरिडॉक्सिनची.

१९५४ मध्ये अमेरिकेत हंट आणि सहकाऱ्यांनी या आजाराची पहिली नोंद केली. त्यांच्याकडच्या बाळाची आकडी थांबली ती पायरिडॉक्सिन असलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणाने. पण या बाळांच्या आहारात ब६ कमी नसते, मग ते जाते कुठे? याचे उत्तर मिळायला २००६ साल उजाडले. पीटर क्लेटन, फिलिपा मिल्स आणि सहकाऱ्यांनी एएलडीएच७ए१ या जनुकातला दोष शोधला. दुधातल्या, डाळीतल्या प्रथिनांमधून लायसिन मिळते. या दोषामुळे त्याचे विघटन अर्ध्यावर अडते आणि साचलेले रसायन ब६च्या क्रियाशील रूपालाच चिकटून ते निकामी करते. मेंदूला शांत ठेवणारे ‘गाबा’ तयार व्हायला नेमके हेच रूप लागते. गाबा घटले की चेतापेशी अनावर होतात.

उपचारात साधारणपणे १०० मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन शिरेतून देतात. काही बाळांची आकडी मिनिटांत थांबते, पण त्याच वेळी श्वासही थांबू शकतो. म्हणून पहिला डोस अतिदक्षता विभागातच द्यायचा. लगेच गुण आला नाही तरी काही दिवस तोंडाने औषध देऊन पाहतात. पूर्वी निदानाची खात्री करण्यासाठी औषध मुद्दाम बंद करून आकडी परत येते का, ते बघत. ही पद्धत मागे पडली, हे फार चांगले झाले. आता लघवीतले ते साचलेले रसायन आणि जनुक तपासता येते, तेही औषध चालू असताना.

औषध जन्मभर घ्यावे लागते. मात्रा मनाने वाढवू नये. अतिरेकाने हातापायांच्या नसांना इजा होते. आकडी थांबूनही अनेक मुलांची वाढ आणि बोलणे मागे राहते. त्यासाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली लायसिन कमी असलेला आहार देतात. याच्याशी साम्य असलेल्या आणखी एका आजारात पायरिडॉक्सिन बहुधा पुरत नाही, थेट त्याचे क्रियाशील रूपच द्यावे लागते. जीवनसत्त्वाने आटोक्यात येणारी आकडी आणखी एका आजारात दिसते. बायोटिनिडेज या विकराच्या कमतरतेत आकडीबरोबर अंगावर चट्टे उठतात, केस गळतात. तिथे बायोटिन हे जीवनसत्त्व उपयोगी पडते.

आईवडील दोघेही एएलडीएच७ए१ जनुकातल्या दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून आहे आणि नात्यातल्या लग्नात दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. आधीचे बाळ पहिल्या काही दिवसांत आकडीने दगावले असेल, तर पुढच्या गरोदरपणी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.