छोट्या ट्रेलरसाठी पोर्टेबल शौचालय : निवड करताना काय पाहावे?

पावसाळा सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि मधुबन जलाशय भरलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे येणारा हा काळ दादरा व नगर हवेलीत भटकंतीचा मानला जातो. सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी मोटारींची वर्दळ वाढते. हॉटेलाऐवजी तंबूत किंवा मोटारीमागे जोडलेल्या छोट्या ट्रेलरमध्ये रात्र काढण्याची हौसही आता आपल्याकडे रुजू लागली आहे. शेजारच्या महाराष्ट्राने तर २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणच आखले. अशा सहलीला निघताना अंथरूण, शेगडी, दिवा, पाण्याचा पिंप यांची यादी सगळेच करतात. शौचालयाचा प्रश्न मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ एवढ्यावर सोडून दिला जातो.

हे ‘तिथे’ म्हणजे नेमके कोठे, याचा विचार केला की विषयाचे गांभीर्य कळते. दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावते, आपल्या प्रदेशातून वाहते आणि दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्यावरील मधुबन धरणाचे पाणी या प्रदेशाबरोबरच दमण आणि वलसाड जिल्ह्यालाही शेती, उद्योग व पिण्यासाठी लागते. जलाशयाच्या काठावर वारली, कोकणा समाजाचे पाडे आहेत. पाहुणा दोन दिवसांनी निघून जातो. त्याने ओढ्याकाठी मागे ठेवलेले मात्र पहिल्या जोरदार सरीबरोबर त्याच पाण्यात उतरते. सहलीत स्त्रिया, लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर अंधारात झुडपांमागे जाणे गैरसोयीचे आणि धोक्याचेही ठरते. साप-विंचवांचे भय तर वेगळेच. अनेक स्त्रिया या धास्तीने दिवसभर पाणीच कमी पितात आणि मूत्रमार्गाचा त्रास ओढवून घेतात. म्हणून पोर्टेबल शौचालय ही चैन न मानता ट्रेलरच्या सामानातील आवश्यक वस्तू मानली पाहिजे.

मिळणारे प्रकार

बाजारात या वस्तू अनेक नावांनी विकल्या जात असल्या, तरी त्यांचे ढोबळ प्रकार चारच आहेत.

पहिला प्रकार बादलीचा. झाकण आणि बैठक बसवलेली मजबूत बादली, आत जाड पिशवी आणि पिशवीत द्रव शोषून त्याचा घट्ट गर करणारी भुकटी, एवढीच त्याची रचना. घडीच्या स्टुलाला पिशवी अडकवण्याचे साधनही याच जातीचे. खर्च काही शेकड्यांचा आणि वजन नगण्य. परंतु प्रत्येक पिशवी शेवटी कचऱ्यातच जाते. मैल्याने भरलेल्या पिशव्या पाड्याजवळच्या कचरापेटीत टाकणे म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे होय. एका रात्रीची अडचण भागवण्यास हा प्रकार ठीक, नित्य वापरास नाही.

दुसरा प्रकार दोन टाक्यांचा. सामान्यतः पोर्टेबल टॉयलेट म्हणतात ते हेच. वरच्या टाकीत स्वच्छ पाणी आणि बैठक, तर खालच्या टाकीत मैला साठतो. दोहोंमध्ये सरकती झडप असते. वापर झाल्यावर पंप दाबून पाणी सोडायचे, झडप उघडून मैला खाली जाऊ द्यायचा आणि पुन्हा बंद करायची. बाजूच्या खिट्ट्या काढल्या की दोन्ही टाक्या वेगळ्या होतात आणि खालची टाकी डब्यासारखी उचलून नेता येते. थेटफर्ड कंपनीचे ‘पोर्टा पॉटी’ हे या प्रकारातील जुने व प्रसिद्ध नाव.

तिसरा प्रकार कॅसेट शौचालयाचा. यात भांडे वाहनातच पक्के बसवलेले असते आणि मैल्याची टाकी बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढता येते. मोठ्या कॅराव्हॅनला हे शोभते, परंतु ज्यात धड उभेही राहता येत नाही अशा छोट्या ट्रेलरमध्ये त्याला जागाच नसते.

चौथा प्रकार कोरड्या शौचालयाचा. यात मूत्र आणि मल यांचे मार्ग वेगळे ठेवलेले असतात. दुर्गंधी मुख्यतः दोहोंच्या मिश्रणातून वाढते, म्हणून ते वेगळे राहिले आणि मलावर लाकडाचा भुसा, नारळाच्या काथ्याचा चुरा किंवा राख टाकत राहिले, तर वास पुष्कळच कमी होतो. ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. ‘सोनखत’ हा शब्द आपल्याच भाषेतला आहे आणि अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग अनेक वर्षे केले होते. मात्र घरी खतासाठी जागा असेल तरच हा मार्ग धरावा. आपल्या उष्ण हवेतही असे खत किमान वर्षभर मुरू द्यावे लागते. जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ तग धरतात.

आपला हिशेब वेगळा

दोन टाक्यांचे शौचालय घेताना टाकी किती लिटरची, हा पहिला प्रश्न. येथे परदेशी माहितीपत्रकांवर विसंबून चालत नाही. त्यांनी धरलेला हिशेब कागद वापरणाऱ्यांचा असतो, आपण पाणी वापरतो.

प्रौढ माणसाचे दिवसाचे मूत्र साधारण दीड लिटर धरावे. त्यात पंपाच्या पाण्याची भर पडते. दर वेळी पाव लिटर आणि दिवसातून पाच-सहा वेळा, म्हणजे आणखी सव्वा ते दीड लिटर. शौचानंतर धुण्याचे पाणी अर्धा ते एक लिटर. एकूण दर माणशी दिवसाला सव्वातीन ते चार लिटर झाले. १० लिटरची टाकी दोघांना जेमतेम दिवसभर पुरेल आणि २१ लिटरची अडीच दिवस. चौघांचे कुटुंब असेल, तर २१ लिटरची टाकीही साधारण दीड दिवसातच भरेल.

यावर उपाय आहेत. धुण्यासाठी तांब्याऐवजी बारीक धारेची दाबाची बाटली वापरली, तर पाव लिटरात काम भागते. दिवसा वाटेतील सार्वजनिक शौचालये वापरावीत आणि ट्रेलरमधील साधन रात्रीसाठी राखून ठेवावे. काही कुटुंबे लघवीसाठी वेगळा झाकणबंद डबा ठेवतात. त्यामुळे मुख्य टाकी बराच काळ टिकते.

मग सर्वांत मोठी टाकीच का घेऊ नये? कारण एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो. २१ लिटरची भरलेली टाकी रिकाम्या टाकीचे वजन धरून २२-२३ किलोंची होते. ती हिंदकळू न देता दोन पायऱ्या चढवणे सर्वांना जमेल असे नाही. घरातील जो माणूस ती रिकामी करणार, त्याने २० लिटरचा पाण्याचा जार उचलून पाहावा आणि मगच टाकीचा आकार ठरवावा.

उंची, जागा आणि प्रवास

दुसरा प्रश्न बैठकीच्या उंचीचा. घरातील कमोड साधारणपणे ४० सेंमी उंच असतो. पोर्टेबल शौचालयाची लहान मॉडेले ३१ सेंमीच्या आसपास आणि मोठी ४१ सेंमीच्या आसपास असतात. तरुणांना १० सेंमीचा हा फरक जाणवणार नाही, पण गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना तो नक्कीच जाणवेल. उकिडवे बसण्याची सवय असलेल्यांनी बैठकीवर चढून बसण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. प्लॅस्टिकची ही बैठक त्यासाठी बनवलेली नसते आणि ती कलंडली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. पायांखाली छोटा पाट ठेवला की पुष्कळसे समाधान मिळते.

तिसरा प्रश्न जागेचा. झोपण्याच्या जागेला चिकटून शौचालय ठेवणे आपल्याकडे कोणालाच रुचत नाही आणि ही नावड आरोग्याच्या दृष्टीनेही योग्यच आहे. त्यासाठी बाहेर उभारायचा अरुंद, उंच तंबू मिळतो. तो घेताना आत बैठक ठेवून गुडघे कापडाला लागतात का, हे पाहावे. तळाची जमीन सपाट असावी. रात्री आत दिवा लावल्यावर बाहेर सावली दिसणार नाही असे जाड, गडद कापड निवडावे. स्त्रियांच्या दृष्टीने हा मुद्दा किरकोळ नाही.

प्रवासाचेही काही नियम आहेत. ट्रेलरमध्ये जड वस्तू चाकांच्या आसाजवळ, किंचित पुढच्या बाजूला ठेवावी लागते. भरलेली टाकी अगदी मागच्या टोकाला ठेवली, तर वेगात ट्रेलर डोलू लागण्याचा धोका वाढतो. म्हणून टाकी रिकामी करूनच निघावे. शिवाय सिल्वासाच्या सखल भागातून सुमारे १००० मीटर उंचीवरील सापुताऱ्याला गेल्यास बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि बंद टाकीतील वायू बाहेर येऊ पाहतो. उन्हाळ्यात उष्णतेनेही असेच घडते. तेव्हा बसण्यापूर्वी झाकण मिटलेले ठेवून झडप हळूच किंचित उघडावी आणि दाब जाऊ द्यावा. हे विसरल्यास शिंतोडे उडतात.

औषध कोणते?

मैल्याच्या टाकीत दुर्गंधी रोखणारे द्रावण घालतात. त्यांपैकी फॉर्मल्डिहाइडसारखी जंतुनाशक रसायने असलेली द्रावणे वास झटपट दाबतात, परंतु ती सेप्टिक टँकमधील उपयुक्त जिवाणूंनाही मारतात. आपल्या भागात बहुतांश घरे आणि हॉटेले सेप्टिक टँकवरच अवलंबून असल्याने ‘सेप्टिक टँकला सुरक्षित’ असे बाटलीवर लिहिलेले जैविक द्रावणच घ्यावे. घरातले फिनाइल, ब्लीचिंग पावडर किंवा आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर टाकीत ओतू नये. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. मूत्राशी ब्लीचचा संयोग झाला, तरी घातक वायू सुटतात. बंदिस्त तंबूत हा खेळ जिवावर बेतू शकतो. झडपेच्या रबराला खाद्यतेल लावण्याऐवजी सिलिकॉन वापरावे. तेलाने काही रबरे फुगतात आणि गळती सुरू होते.

रिकामे कोठे करायचे?

खरे पाहता निवडीचा पहिला प्रश्न हाच असायला हवा. युरोपात कॅराव्हॅन तळांवर टाक्या रिकाम्या करण्याची वेगळी जागा असते. आपल्याकडे तशी सोय सहसा आढळत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वीच ठिकाण ठरवावे. मुक्कामाच्या रिसॉर्टचे शौचालय, परवानगी घेऊन पेट्रोल पंपावरील शौचालय किंवा सरळ आपले घर. टाकी नेहमी सेप्टिक टँक अथवा मलनिस्सारण वाहिनीला जोडलेल्या शौचालयातच ओतावी, मागोमाग भरपूर पाणी घालावे आणि ती जागा आपण आलो त्यापेक्षा स्वच्छ करून निघावे. ओढा, उघडे गटार, शेताचा बांध ही ठिकाणे कोणत्याही सबबीखाली चालणार नाहीत.

टाकीतील मैला खड्ड्यात पुरणेही योग्य नाही. कोणतेही साधन जवळ नसताना, पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, १५-२० सेंमी खोल खड्डा खणून विधी उरकणे ही एकट्यादुकट्या पदयात्रिकाची रीत आहे. रसायन मिसळलेल्या २० लिटर मैल्याला ती लागू पडत नाही. त्यातून आपल्याकडे वर्षाला २००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि डोंगरउतारावर मातीचा थर पातळ असतो. पुरलेले पुरलेलेच राहील, याची खात्री नाही.

आणखी एक मोह टाळायचा आहे. पाच-पन्नास रुपये हातावर ठेवून पाड्यावरच्या एखाद्या मुलाकडून किंवा हॉटेलातील सफाई कामगाराकडून टाकी रिकामी करून घेण्याचा. हाताने मैला साफ करायला माणसे नेमण्याच्या प्रथेविरुद्ध या देशाने २०१३ मध्ये कडक कायदा केला. सहलीच्या टाकीला त्याची कलमे लागू होतात की नाही, हा वकिलांचा प्रश्न झाला. त्यामागील माणुसकीचे तत्त्व मात्र प्रत्येकाला लागू आहे. ज्याने वापरले, त्यानेच ते उचलावे. हातमोजे, साबण आणि पाच मिनिटे एवढेच त्यासाठी लागते.

थोडक्यात

दोघांच्या दोन-तीन दिवसांच्या सहलीसाठी २० लिटरच्या आसपासची मैल्याची टाकी असलेले, पूर्ण उंचीचे दोन टाक्यांचे शौचालय हा बहुतेकांना मानवणारा पर्याय आहे. उचलण्याची ताकद कमी असेल, तर १० लिटरची टाकी घ्यावी आणि ती रोज रिकामी करावी. चौघांनी दिवसा सार्वजनिक सोयींचा आधार घ्यावा. घरी बाग आणि चिकाटी दोन्ही असतील, तर कोरड्या शौचालयाचा विचार करावा. खरेदीनंतर पहिला प्रयोग जंगलात न करता घरच्या अंगणात करावा. साधे पाणी भरून टाकी कलती करावी आणि झडप गळते का, ते पाहावे. दुधनीच्या काठी पहाट फार सुंदर असते, आणि ते पाणी पुढे कोणाच्या तरी घागरीत जाणार आहे.