प्रत्येक पिल्लू नव्यानं माणसाळतं

नुकत्याच जन्मलेल्या मांजराच्या पिल्लाचं वजन साधारण १०० ग्रॅम. डोळे मिटलेले, कान बंद, अंगातली ऊब टिकवण्याइतकीही ताकद नाही. त्याला स्वतःहून शूसुद्धा करता येत नाही. आई खरखरीत जिभेनं पोटाखाली चाटते तेव्हाच ती होते. पण नाक मात्र पक्कं. पहिल्या काही दिवसांतच बहुतेक पिल्लं आईचं एकेक ठरावीक स्तन वासावरून हुडकून काढतात, आणि भावंडांच्या रेटारेटीतही पुन्हा तिथंच पोचतात. दूध पिताना घुरघुरतात. स्वतःला ऐकूही येत नसताना!

अशी पिल्लं आईविना प्राण्यांच्या निवाऱ्यात येतात तेव्हा त्यांना कुणीतरी आपल्या घरी नेऊन वाढवावं लागतं. याला सगळेच आता ‘फॉस्टर करणं’ म्हणतात. मी हे करते, आणि दर वेळी थक्क होते. आईची सगळी कामं माणसाच्या हाती येतात. दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. दूधही गाईचं चालत नाही, त्यानं पोट बिघडतं. पिल्लांसाठीची वेगळी पावडर मिळते. पाजताना पिल्लू पालथंच हवं, बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. अंग गार पडलं असेल तर आधी ऊब, मग दूध, कारण गारठलेल्या पिल्लाचं आतडं चालतच नाही. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं हळूहळू पुसायचं: ती आईची जीभ. आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. दिवसाला १०–१५ ग्रॅम वाढले की जिवात जीव येतो. काटा हलला नाही तर डॉक्टरकडे धाव.

एवढा खटाटोप घरी का? निवाऱ्यात माणसं नसतात का? असतात, जीव ओतून काम करणारी असतात. पण तिथं पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू येऊ शकतो. तो फरशीवर, पिंजऱ्यावर महिनोन्‌महिने तग धरतो आणि लहान पिल्लांना भराभर मारतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं मिळतात. पुढं ती हळूहळू विरत जातात. मधे असा एक काळ येतो की ती विषाणूला अडवायला अपुरी पडतात, पण लशीला मात्र अडवतात. त्या दिवसांत पिल्लू उघड्यावर असतं. हा काळ प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेळी येतो, म्हणून लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवडे उलटेपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. तोवर गर्दीपासून लांब असलेलं एक साधं घर हेच त्याचं संरक्षण.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते दुसरंच. २००७ साली कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी पाळीव आणि रानटी मिळून ९७९ मांजरांचा डीएनए तपासला. आपल्या अंगणातल्या मांजरांचं मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात निघालं. हजारो वर्षं माणसाच्या धान्याच्या कोठारांजवळ राहिलेली ही जात. तरीही माणूस आपला आहे हे मांजर जन्मतः जाणत नाही! ते प्रत्येक पिल्लाला नव्यानं शिकावं लागतं, आणि शिकायची मुदत फार थोडी असते: साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात हे तपासलं. या वयात माणसाच्या हातात वाढलेली पिल्लं मोठेपणी आपणहून माणसाजवळ येत. रोज १५ मिनिटं हाताळलेल्यांपेक्षा ४० मिनिटं हाताळलेली जास्त लळा लावत. ही मुदत टळून गेली की त्याच आईचं पिल्लू भुयारातल्या श्वापदासारखं माणसाला भिऊन राहतं. त्याला माणसाळवता येतं, पण फार कष्टानं.

म्हणून माझ्याकडं पिल्लं असली की शेजारची मुलं, आजोबा, वरच्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांना मी बोलावते. एकाच माणसाचा हात ओळखणारं पिल्लू त्या एका माणसाचंच होतं. अनेकांचे हात लागलेलं पिल्लू माणूसजातीवर विश्वास टाकतं. चार आठवड्यांचं पिल्लू पहिल्या दिवशी कोपऱ्यात पाठ लावून फिस्कारतं, शेपटी ब्रशसारखी फुगवतं. मग कधीतरी बोटाला लागलेलं खाणं चाटतं. मग मांडीवर झोपून जातं. हजारो वर्षांचं काम डोळ्यांदेखत काही दिवसांत घडतं.

यातही एक गंमत आहे. १९९५मध्ये सँड्रा मॅक्यून यांना दिसलं की मनमिळाऊ बोक्याची पिल्लं जास्त धीट निघतात, नव्या वस्तूजवळ आणि अनोळखी माणसाजवळ लवकर जातात. बाप त्यांना कधी भेटलेलाही नसतो. म्हणजे धिटाई रक्तातूनही येते. आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एकाच खोक्यातलं एक भावंड हातावर चढतं आणि दुसरं मागं मागं सरतं, तेव्हा भित्र्यावर रागवू नये. त्याला फक्त जास्त वेळ द्यावा.

पिल्लं उचलायची घाई मात्र करू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडं म्हणतात, ते उगीच नाही. जागेला धोका वाटला की मांजरी एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. मान धरताच पिल्लू आपोआप निपचित होतं, म्हणूनच तिला ते जमतं. जिन्याखाली एकटं दिसलेलं पिल्लू कदाचित त्याच फेरीतलं असतं. ते गुबगुबीत आणि शांत असेल तर लांब उभं राहून वाट पाहावी. आईसारखी आई मी होऊ शकत नाही.

निवाऱ्यात मोठी मांजरंही असतात, आणि लोक त्यांच्याकडं पाठ फिरवतात याचं मला फार वाईट वाटतं. पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटलेलं मांजर माणूसघाणं दिसतं, पण ते बहुधा नुसतं घाबरलेलं असतं. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी लपायला एक खोकं दिलं. तिसऱ्या दिवशीच त्यांचा ताण खोकं नसलेल्यांपेक्षा स्पष्टपणे उतरलेला होता. साधं पुठ्ठ्याचं खोकं! दत्तक आणलेलं मांजर पलंगाखाली जाऊन बसलं तर त्याला ओढून काढू नका. जवळ जमिनीवर बसा, डोळे बारीक करून सावकाश मिटा आणि उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या २०२०मधल्या प्रयोगांत मांजरांनी या पापणीला पापणीनंच उत्तर दिलं, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताजवळ ती जास्त आली.

मग जे नातं जडतं ते खोल असतं. ऑरेगॉन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाली यांनी पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटं एकटं ठेवलं आणि मग त्यांच्या माणसाला आत पाठवलं. सुमारे ६४ टक्के पिल्लं माणूस परतताच निवांत झाली आणि पुन्हा खोली धुंडाळायला लागली. माणसाच्या बाळांमध्येही हे प्रमाण जवळपास एवढंच आहे.

पिल्लू नव्या घरी देताना रडू येतं, ते येऊ द्यावं. पण त्याआधी खिडक्यांना जाळी आहे का, ते स्वतः जाऊन पाहावं; उंच इमारतींतून मांजरं पडतात. नसबंदीचं वचन घ्यावं, कारण मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा. आणि शक्य असेल तर दोन भावंडं एकाच घरी द्यावीत. चावा किती जोरात घ्यायचा आणि कुठं थांबायचं, हे पिल्लू दुसऱ्या पिल्लाकडूनच सगळ्यात चांगलं शिकतं.