लासे, डोहाळे आणि औषध : त्वचेवरील रक्तवाहिन्यांच्या सौम्य गाठींविषयी

मी साहित्याची अध्यापक आहे, वैद्यकाची नव्हे. तरीही हा विषय मी निवडला, याचे कारण घरगुती आहे आणि भाषिकही. तीन वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या वरच्या पापणीवर एक लाल खूण वाढू लागली. त्या खुणेला आम्ही काय म्हणत होतो, यावर तिच्यावरील उपचारांचा वेळ अवलंबून राहिला. नाव चुकले की विचार चुकतो आणि विचार चुकला की उपाय लांबतो, हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते. घरात ते शिकायला मला सात आठवडे लागले.

आमच्या घरात जन्मखुणेला ‘लासे’ म्हणतात. नात जन्मली तेव्हा पापणीवर केवळ फिकट डाग होता. तिसऱ्या आठवड्यात तो तांबूस झाला, सहाव्या आठवड्यात पिकल्या तुतीसारखा फुगला आणि डोळा अर्धा झाकला जाऊ लागला. घरात पहिला प्रश्न विचारला गेला तो ग्रहणाचा. 25 ऑक्टोबर 2022 रोजी, दिवाळीतच, सूर्यग्रहण होते आणि हैदराबादेत ते सूर्यास्ताच्या वेळी दिसले होते. लेक तेव्हा गरोदर होती. “त्या संध्याकाळी तू काही चिरलंस का गं?” हे विचारणारी कोणी शेजारीण नव्हती, मीच होते. पीएच.डी. झालेली, तीस वर्षे शिकवणारी. लेक म्हणाली, “लिंबू चिरलं होतं. आई, तूसुद्धा?” तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आईवर ठपका ठेवण्याची ही खोड एकट्या मराठीची नाही. लॅटिन वैद्यकात अशा खुणेला ‘नीव्हस मॅटर्नस’ म्हणत, म्हणजे मातेची खूण. जर्मन ‘मुटरमाल’ या शब्दातही आईच आहे. स्पॅनिश ‘आंतोहो’, इटालियन ‘वोल्या’, फ्रेंच ‘अंवी’ या तिन्ही शब्दांचा एक अर्थ तीव्र इच्छा आणि दुसरा जन्मखूण. अरबीतील ‘वहमा’ हा शब्दही डोहाळ्यांच्या शब्दाशीच जोडलेला आहे. गर्भवतीची एखादी इच्छा पुरी झाली नाही की ती बाळाच्या कातडीवर उमटते, अशी ही समजूत. आपला ‘डोहाळा’ ज्या ‘दौहृद’ शब्दाच्या कुळातला आहे, त्याविषयी सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हेच सांगितले आहे. गर्भवती ही दोन हृदयांची असते आणि तिच्या इच्छा डावलल्या तर अपत्य व्यंग घेऊन जन्मते, असे तिथे म्हटले आहे.

पण त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणात ‘जतुमणी’ नावाचा एक विकार येतो. तो जन्मजात असतो, किंचित उंच, गुळगुळीत, लालसर आणि न दुखणारा असतो, एवढेच तिथे सांगितले आहे. ‘जतु’ म्हणजे लाख. तिथे कफ-रक्ताचा उल्लेख आहे, आईचा नाही. हा जतुमणी म्हणजे नेमका आजचा कोणता विकार, हे ठरवण्याचा आग्रह मी धरणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती पद्धत. आधी खूण कशी दिसते ते सांगायचे, दोष कोणाचा ते नव्हे.

आता आधुनिक वैद्यक काय सांगते ते पाहू. इंग्रजी वैद्यकातील ‘हीमँजिओमा’ हा शब्द रक्त, वाहिनी आणि गाठ या अर्थांच्या तीन ग्रीक घटकांतून बनला आहे. गाठीसाठी मराठी विश्वकोशाने रुळवलेला शब्द ‘अर्बुद’ आहे, म्हणून याला ‘रक्तवाहिनी-अर्बुद’ म्हणता येईल. ते सौम्य असते, म्हणजे कर्करोग नसतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी काही काळ वेगाने वाढतात आणि मग थांबतात. अर्भकांमध्ये आढळणारी ही सर्वांत नेहमीची गाठ आहे. शंभरात चार-पाच बालकांना ती होते. मुलींत, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांत अधिक दिसते. तिचे मूळ कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही, पण ग्रहण, लिंबू आणि डोहाळे यांचा तिच्याशी संबंध नाही.

तिची चाल ठरलेली असते. जन्मतः ती नसते किंवा पुसट असते. पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागते आणि पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने वाढते. पाचव्या ते आठव्या आठवड्यांत हा वेग टिपेला पोचतो. वर्षाच्या सुमारास ती ओसरू लागते आणि बहुतेक मुलांत चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत बरीच विरते. मागे कधी सैल कातडी तर कधी फिकट डाग राहतो. गाठ वरवरची असेल तर लालभडक दिसते, खोल असेल तर निळसर. सावळ्या कातडीवर ही लाली चटकन ध्यानात येत नाही, म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांतल्या ‘स्ट्रॉबेरी’ या उपमेवर आपण विसंबू नये.

दुसरी एक खूण हिच्यासारखीच दिसते, पण तिची जात वेगळी. ती जन्मतःच असते, सपाट आणि मद्याच्या रंगाची असते, मुलाबरोबरच वाढते आणि कधीच ओसरत नाही. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावर तीच होती. ती गाठ नव्हे, तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या घडणीतला दोष आहे. तिच्यामागे एका जनुकातील बदल असतो आणि तो वारशाने येत नाही, गर्भाच्या वाढीत आपोआप घडतो, हे 2013 मध्ये स्पष्ट झाले. तिच्यावर औषध नव्हे, विशिष्ट लेसर उपयोगी पडतो. ती कपाळ व पापणीवर पसरलेली असेल तर मेंदू आणि डोळा यांची तपासणी करावी लागते.

या दोन्ही खुणांना दीर्घकाळ एकच नाव होते. 1982 मध्ये बोस्टन येथील मलिकन आणि ग्लोवाकी यांनी पेशींच्या वागणुकीवरून त्यांची फारकत केली. एकीत पेशी वाढतात, दुसरीत केवळ वाहिन्यांची रचना बिघडलेली असते. संज्ञेची ही दुरुस्ती दिसायला कोशकाराची वाटते, पण तिने उपचारांना दिशा दिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनमध्ये हजारो अर्भकांच्या आपोआप ओसरणाऱ्या गाठींवर रेडियमचे किरण दिले गेले, आणि त्यांतील काहींना पुढे कर्करोगाचा धोका वाढला. जे नाव गाठीचे भवितव्य सांगत नाही, ते डॉक्टरलाही फसवते.

नातीच्या बाबतीत आम्हाला उलट्या बाजूने फसवणूक भोगावी लागली. पहिल्या डॉक्टरांनी नाव बरोबर सांगितले आणि म्हणाले, “थांबा, आपोआप जाईल.” वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते. गाठ ओसरायला वर्षे लागतात, आणि बाळाचा मेंदू पाहायला शिकतो तो काळ मात्र पहिल्या महिन्यांचाच असतो. पापणीने बाहुली झाकली किंवा दाबाने बुबुळाचा आकार बदलला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि डोळा ‘आळशी’ होतो. मग गाठ गेली तरी दृष्टी परत येईलच असे नाही. ‘सौम्य’ आणि ‘निरुपद्रवी’ हे समानार्थी शब्द नाहीत, हे मला तेव्हा कळले.

म्हणून पुढील स्थितींत थांबू नये : गाठ डोळ्यापाशी, नाकाच्या शेंड्यावर किंवा ओठावर असेल, हनुवटी-गळ्याच्या भागात पसरलेली असेल, कारण तेव्हा श्वासनलिकेतही गाठ असू शकते, चेहऱ्यावर किंवा कमरेच्या मणक्यावर मोठी असेल, तिला व्रण पडला वा रक्त येत असेल, किंवा अंगावर अशा पाच वा अधिक गाठी असतील, कारण तेव्हा यकृताची सोनोग्राफी करून पाहावी लागते. अशा बाळाला महिन्याभरातच बालरोग किंवा त्वचारोग तज्ज्ञाला दाखवावे. बिब्बा, चुना, डागणे, दोरा बांधणे यांतले काहीही करू नये. त्याने व्रण होतो आणि व्रणाचा वण कायम राहतो.

आज यावर जे औषध आहे, ते एका योगायोगाने सापडले. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकार व रक्तदाबावरचे जुने औषध 1960 च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी घडवले. 1988 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फ्रान्समधील बोर्दो येथे नाकावर मोठी गाठ असलेल्या एका मुलाला हृदयाच्या त्रासासाठी हे औषध दिले गेले आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग उतरून ती मऊ झाली. त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी ते हेरले, इतर मुलांत पडताळले आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केले. 2014 मध्ये अमेरिकेत अर्भकांसाठीच्या द्रवरूप औषधाला मान्यता मिळाली. लहान, पातळ, वरवरच्या गाठींवर टिमोलॉल हे त्याच कुळातले, मूळचे डोळ्यात घालायचे थेंब लावतात.

औषध जुने असले तरी घरच्या घरी देण्याचे नाही. आधी हृदय, नाडी आणि रक्तदाब तपासतात. ते दूध पाजल्यावरच द्यायचे, कारण रक्तातली साखर उतरण्याचा धोका असतो. बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल तर मात्रा न देता डॉक्टरांना विचारायचे. उपचार निदान सहा महिने चालतो, आणि मनाने बंद केला तर गाठ पुन्हा डोके वर काढते.

प्रौढांनाही अशा खुणा होतात. पन्नाशीनंतर माझ्याच पोटावर ज्वारीच्या दाण्याहून लहान असे लाल ठिपके उगवले आहेत. ते निरुपद्रवी असतात, काही करावे लागत नाही. जखमेच्या जागी झपाट्याने वाढून भळभळ वाहणारी एक गाठ असते. तिच्या इंग्रजी नावात ‘पू’ आहे आणि ‘कणार्बुद’ही, प्रत्यक्षात दोन्हीही नसतात. ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी. नावे चुकण्याचा मक्ता आपल्याकडेच नाही, हेही त्यातून कळते.

सातव्या आठवड्याच्या शेवटी दुसऱ्या तज्ज्ञांनी नातीला तपासले आणि दोन दिवसांत औषध सुरू झाले. त्या आठवड्यातच रंग उतरला, महिन्याभरात पापणी उचलली गेली. चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकण्याचा उपायही काही महिने करावा लागला. आज पापणीवर एक फिकट सुरकुती आहे, आणि दोन्ही डोळ्यांनी ती माझ्या चश्म्यावर नेम धरते.

हे शहर शास्त्राला देशी शब्द देण्याच्या उद्योगाशी अपरिचित नाही. 1917 मध्ये इथे ‘दार-उल-तर्जुमा’ स्थापन झाले आणि उस्मानिया विद्यापीठात वैद्यकदेखील उर्दूतून शिकवले गेले. मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी म्हणून माझी एक सूचना आहे. ‘लासे’ हा शब्द टाकू नये, त्याला विशेषण जोडावे. जन्मानंतर वाढून विरणारे ते ‘ओसरते लासे’ आणि जन्मापासून तसेच राहणारे ते ‘स्थायी लासे’. एवढ्याने निदान होत नाही. ते डॉक्टरांचेच काम. पण पाळण्याशी वाकलेल्या आजीने पहिला प्रश्न “काय चिरलंस?” ऐवजी “हे जन्मतः होतं, की नंतर वाढलं?” असा विचारला, तर शब्दाने आपले काम केले. आणि त्या आईला माझ्या लेकीसारखे “आई, तूसुद्धा?” म्हणावे लागणार नाही.