कोमो की गार्दा : सरोवराचा आकार आणि सहलीची आखणी

इटलीच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीत मिलान, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स यांची वाटणी झाल्यावर सरोवरासाठी जेमतेम तीन-चार दिवस उरतात, आणि ते कोमोला द्यावेत की गार्दाला हा प्रश्न बहुतेक कुटुंबांत छायाचित्रे पाहून सोडवला जातो. छायाचित्रांवरून मात्र फारसे काही कळत नाही, कारण गडद निळे पाणी, मागे उभे डोंगर आणि काठावर पिवळ्या-गुलाबी भिंतींची घरे हे दृश्य दोन्हीकडे सारखेच आहे. खरा फरक सरोवरांच्या आकारात आहे. रेल्वे कोठवर पोहोचते, बोटीला किती वेळ लागतो, पाण्यात उतरता येते की ते नुसते पाहावे लागते, एवढेच नव्हे तर काठावर कोणती झाडे वाढतात, हे सारे त्या आकाराने ठरते.

दोन्ही सरोवरे हिमनद्यांनी, म्हणजे डोंगरावरून अतिशय संथपणे खाली सरकणाऱ्या बर्फाच्या प्रचंड प्रवाहांनी, कोरलेली आहेत. कोमोचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे 198 मीटर उंच आहे, पण त्याची खोली 400 मीटरांहून अधिक असल्याने तळ समुद्रसपाटीच्याही 200 मीटर खाली जातो. गार्दाचा पृष्ठभाग अवघ्या 65 मीटरांवर आणि कमाल खोली 346 मीटर असल्याने त्याचा तळ त्याहूनही खाली आहे. मात्र कोमो सरोवर डोंगरांच्या कुशीतच राहिले, तर गार्दाची हिमनदी डोंगर ओलांडून पो नदीच्या मैदानात उतरली आणि तिथे पंख्यासारखी पसरली. तिने सोबत आणलेल्या दगडमातीचे ढीग, ज्यांना भूगोलात हिमोढ म्हणतात, आज गार्दाच्या दक्षिणेला द्राक्षमळ्यांच्या बुटक्या टेकड्या होऊन उभे आहेत.

कोमोची आकृती दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी आहे. डोके उत्तरेला कोलिकोकडे, एक पाय कोमो शहरात, दुसरा लेक्को शहरात आणि पाय जिथे जुळतात त्या टोकावर बेल्लाजो गाव. आद्दा नदी डोक्याकडून आत येते आणि लेक्कोच्या पायाने बाहेर पडते. कोमोच्या पायाला वाटच नसल्याने मोठ्या पावसानंतर त्या शहराच्या काठावरच्या चौकात पाणी शिरते. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे 146 चौरस किलोमीटर असले, तरी रुंदी कोठेही पाच किलोमीटरांपर्यंत जात नाही, आणि प्रवाशाच्या दृष्टीने कोमोचे सारे सुख या अरुंदपणात आहे. मिलानच्या मध्यवर्ती स्थानकावरून निघालेली गाडी तासाभरापेक्षा थोड्या अधिक वेळात पूर्व काठावरच्या वारेन्नाला पोहोचते, स्थानकापासून उतार उतरून धक्क्यावर जाता येते, आणि तिथून बेल्लाजो फेरीबोटीने पंधरा मिनिटांवर आहे. वारेन्ना, बेल्लाजो आणि पश्चिम काठावरचे मेनाज्जो या तीन गावांमध्ये दिवसभर फेऱ्या चालू असतात. बोट धक्क्याला टेकली की पुढचा फळा खाली पडतो, मोटारी, सायकली आणि बाजारहाट करून आलेली माणसे एकाच वेळी उतरतात आणि काही मिनिटांत बोट परत फिरते. त्यामुळे मोटार भाड्याने घेण्याची येथे गरज नाही. उलट काठावरचा रस्ता इतका चिंचोळा आहे, की समोरून बस आल्यावर नवख्या चालकाचा सहलीतला रस संपण्याची शक्यता अधिक.

या अरुंद काठावर सपाट जमीन थोडी असल्याने ती पूर्वापार श्रीमंतांनी धरून ठेवली. धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाचेही या सरोवराकाठी एकाहून अधिक वाडे होते. आजच्या वाड्यांपैकी त्रेमेझो येथील व्हिला कार्लोत्ता वसंतातल्या फुलबागेसाठी ओळखला जातो, तर लेन्नोजवळच्या भूशिरावरचा व्हिला देल बाल्बियानेल्लो भारतीयांना दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांच्या नोव्हेंबर 2018 मधील विवाहामुळे ठाऊक झाला. इटलीच्या वारसा-संरक्षण न्यासाकडे असलेल्या या वाड्यात बोटीने किंवा झाडीतल्या पायवाटेने जाता येते. कोमो शहर रेशमाचे. कच्चे रेशीम आता बहुतांशी चीनमधून येत असले, तरी छपाई आणि अखेरचे संस्कार अजूनही येथे होतात. विद्युतघट तयार करणारा आलेस्सांद्रो व्होल्टा याच शहरात 1745 मध्ये जन्मला.

गार्दाला मात्र एक सरोवर म्हणणे थोडे फसवे आहे. 370 चौरस किलोमीटरांचे हे इटलीतील सर्वांत मोठे सरोवर उत्तरेला उभ्या कड्यांमधली चिंचोळी पट्टी आहे, तर दक्षिणेला सतरा किलोमीटर रुंद होऊन जवळपास समुद्रच वाटते, आणि ते तीन प्रांतांत विभागले गेले आहे. मिलान-व्हेनिस रेल्वेमार्ग दक्षिण काठाला स्पर्श करून जातो, त्यामुळे देझेंझानो आणि पेस्किएरा येथे उतरणे अगदी सोपे; पण उत्तरेकडच्या रिवाला रेल्वे नाही, आणि दक्षिणेकडून संथ बोटीने तिथे जायचे तर अर्धा दिवस बोटीतच सरतो. दक्षिणेत मुक्काम ठेवून ‘सगळे गार्दा’ पाहण्याचा बेत म्हणूनच फसतो.

उत्तर भागाची कीर्ती वाऱ्यावर उभी आहे. कोकणात दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात, तसाच काहीसा प्रकार येथे डोंगर आणि मैदान यांच्यात घडतो: पहाटेपासून थंड हवा उत्तरेकडून खाली उतरते, तिला पेलेर म्हणतात, आणि ऊन चढल्यावर मैदानाकडून ओरा नावाचा वारा उलट दिशेने सुटतो. तोर्बोलेला शिडाच्या फळ्यांवर स्वार होणाऱ्यांची गर्दी असते ती या घड्याळासारख्या वाऱ्यामुळे. जर्मन कवी गटे सप्टेंबर 1786 मध्ये पहाटे तीनला तोर्बोलेहून नावेने निघाला, तेव्हा वारा साथीला होता. दिवस वर आल्यावर वारा फिरला आणि नाव नाइलाजाने माल्चेसिनेला लावावी लागली. तिथल्या किल्ल्याचे चित्र काढताना, ऑस्ट्रियाची सरहद्द जवळच असल्याने, त्याला हेर समजून गावकऱ्यांनी घेरले, आणि पूर्वी फ्रँकफर्टमध्ये नोकरी केलेल्या एका गावकऱ्यामुळे तो सुटला. आज त्याच माल्चेसिनेहून गोल फिरणाऱ्या डब्यांचा रज्जूमार्ग मोंते बाल्दो डोंगरावर जातो.

एवढ्या पाण्याची ऊब आणि पाठीशी डोंगर यांमुळे आल्प्सच्या पायथ्याशी येथे ऑलिव्ह पिकतात, आणि पूर्वी लिंबेही मोठ्या प्रमाणावर पिकत. लिमोने गावात त्या लिंबूघरांचे अवशेष दिसतात: डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी उभे केलेले उंच दगडी खांब, ज्यांच्यावर हिवाळ्यात फळ्या आणि काचा चढवून झाडे झाकत आणि वसंतात सारे उतरवून ठेवत. दक्षिणेला सिरमिओनेची चिंचोळी जिभेसारखी जमीन पाण्यात शिरते. तिच्या तोंडाशी पाण्याने वेढलेला किल्ला आणि टोकाला रोमन वाड्याचे भग्नावशेष आहेत.

निवडीचा विचार त्यामुळे सोबत कोण आहे येथून सुरू करावा. कोमोकाठची गावे उतारावर वसलेली असून गल्ल्या म्हणजे बहुधा दगडी जिनेच आहेत, तेव्हा गुडघेदुखीने बेजार ज्येष्ठांना बेल्लाजोपेक्षा देझेंझानोचा सपाट काठ सोयीचा. लहान मुलांसाठीही गार्दाच बरे, कारण दक्षिणेला पाणी उथळ आणि उन्हाळ्यात कोमट असते, शिवाय 1975 पासून सुरू असलेले गार्दालँड हे मनोरंजन उद्यान जवळ आहे. उन्हाळी रात्री व्हेरोनाच्या रोमन रंगमंडलात ऑपेरा ऐकायचा असेल, तर पेस्किएराहून ते शहर रेल्वेने अगदी जवळ. मोटारीशिवाय दोघांनीच निवांत तीन दिवस काढायचे असतील, तर मात्र कोमोला तोड नाही, फक्त राहणे-खाणे तिथे महाग पडते. शाकाहारींना दोन्हीकडे पोलेंता, म्हणजे आपल्या उकडीच्या जातीचा मक्याच्या पिठाचा घट्ट पदार्थ, सहज मिळतो. मासे खाणाऱ्यांनी कोमोला त्यासोबत मिस्सोल्तीनी, अर्थात खारवून उन्हात वाळवलेले आणि दाबून ठेवलेले सरोवरातले मासे, मागवावेत. कोकणातल्या माणसाला त्यांचा वास परका वाटणार नाही.

टूर कंपन्यांचा मिलानहून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याचा कोमोचा कार्यक्रम शक्यतो टाळावा. बेल्लाजोत भर दुपारी खेटून चालणारी गर्दी असते ती अशाच गटांची, आणि साडेपाच-सहाच्या बोटींनी ती ओसरली, की दुकानदार पायऱ्यांवर खुर्च्या बाहेर काढतात आणि पलीकडच्या काठावर वारेन्नाचे दिवे एकेक करून लागू लागतात.