तळहाताचं माप

गिटारमधल्या बहुतेक भागांचा हिशेब शेवटी आवाजाशी लागतो. वरची फळी किती पातळ ठेवायची, तिच्या आतून पट्ट्या कुठे चिकटवायच्या, घोडी किती उंच हवी, हे सगळं कानाला विचारून ठरतं. नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांडीच्या, पाठीची गोलाई मात्र श्रोत्याला ऐकू येत नाही आणि प्रेक्षकाला दिसत नाही. ती कळते फक्त वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला. अंगठा तिच्यावर टेकतो, तळहात तिच्यावरून वरखाली सरकतो, आणि कुठे एखादा मिलिमीटर जास्त राहिला असेल तर तासाभराच्या रियाजानंतर अंगठ्याच्या मुळाशी तो दुखायला लागतो. करवत, ड्रिल, सँडर अशी यंत्रं दिमतीला असलेले अनेक गिटार-कारागीर हे एवढं काम हाताने करायचं म्हणून राखून ठेवतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. गिटार घडवण्यातला सगळ्यात मोठा आनंद याच कामात आहे.

आजच्या क्लासिकल गिटारचा घाट ज्याने पक्का केला, तो अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) स्पेनमधल्या आल्मेरियाचा. सुमारे ६५० मिलिमीटर तारेची लांबी आणि अंगाचा मोठा आकार ही त्याच्या कामातून रूढ झालेली मापं. स्पॅनिश पद्धतीत नेक आणि गिटारच्या पोटातला तिचा ठोकळा एकाच लाकडातून कोरतात आणि त्या ठोकळ्याला पाडलेल्या खाचांत बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्या बसवतात. त्यामुळे नेकला शेवटचा आकार द्यायची वेळ येते तेव्हा गिटार जवळजवळ तयार झालेली असते. नेक सोडवून बाजूला घेण्याची सोय नसते. ग्रॅनडात अल्हाम्ब्राकडे चढत जाणाऱ्या कुएस्ता दे गोमेरेस या रस्त्यावर गिटार बनवणाऱ्यांची दुकानं आहेत, आणि त्या शहरात आजही ही पद्धत चालते. नेक सुटी नसल्यामुळे हातातलं हत्यार घसरलं तर कित्येक आठवड्यांचं काम बिघडू शकतं. ब्रिटिश कारागीर आणि अध्यापक डेव्हिड पाय यांनी १९६८ साली कारागिरीवर लिहिलेल्या पुस्तकात अशा कामाला जोखमीची कारागिरी म्हटलं आहे. वस्तू कशी उतरेल हे प्रत्येक क्षणी हाताच्या नियंत्रणावर अवलंबून असतं, असं काम. नेकच्या पाठीला हे वर्णन तंतोतंत लागू पडतं.

सुरुवातीला नेकची पाठ चौकोनीच असते. कारागीर तिच्यावर आधी दोन ठाणी पक्की करतो, एक पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, आणि दुसरं नवव्या-दहाव्या फ्रेटच्या आसपास. क्लासिकल गिटारमध्ये फ्रेटबोर्ड धरून तिथली जाडी साधारण २२ ते २४ मिलिमीटर ठेवतात. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा साचा लावून या दोन जागी हवी ती गोलाई उतरवायची आणि मग मधलं लाकूड सरळ रेषेत काढत दोन्ही ठाणी जोडायची. गोल मात्र थेट काढत नाहीत. आधी दोन्ही कोपरे पंचेचाळीस अंशांत उडवायचे, मग उरलेल्या कडा उडवायच्या, मग त्यांच्या कडा. पैलू वाढत जातात, अरुंद होतात आणि गोलाई आपसूक उतरते. प्रत्येक पैलूच्या सीमेवर पेन्सिलची रेघ असते, त्यामुळे कुठे किती लाकूड निघालं ते दिसत राहतं.

पहिला जाड माल काढायला दोन मुठींचा सुरा असतो. तो दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायचा. लाकडाची रेषा अनुकूल असेल तर नेकभर लांबीची ढलपी एका ओढीत सुटते आणि तिचा आवाजच सांगतो की पातं बरोबर चाललंय. रेषा उलटी लागली तर तेच पातं लाकडात घुसतं आणि खपली उडते. अंगाशी जिथे नेक रुंदावते, तो टाचेचा भाग, आणि डोक्याकडची मान, इथे वळण बदलतं, म्हणून तिथे दिशाही बदलावी लागते. सुरा थांबला की दोन्ही बाजूंना मुठी असलेला छोटा रंधा, म्हणजे स्पोकशेव्ह, हातात येतो. टाचेच्या खोलगट वळणात तोही पोचत नाही, तिथे रास्प, म्हणजे दातेरी कानस, चालते.

रास्पबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. यंत्रावर बनलेल्या स्वस्त रास्पचे दात सरळ ओळीत असतात, आणि एकामागचे दात एकाच वाटेने गेल्यामुळे लाकडावर खोल चर पडतात. फ्रान्समधल्या ऑरिओसारख्या कारखान्यांत आजही कारागीर हातोडी आणि अणकुचीदार छिन्नी घेऊन एकेक दात ठोकून उठवतो. हात कितीही सराईत असला तरी दोन दातांमधलं अंतर किंचित बदलतंच. त्या फरकामुळे कुठलाही दात आधीच्या दाताच्या वाटेवर पडत नाही आणि लाकूड एकसारखं, गुळगुळीत निघतं. उजव्या आणि डाव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी दात वेगवेगळ्या बाजूंनी कललेली रास्पसुद्धा मिळते.

शेवटी स्क्रेपर, म्हणजे पोलादाची पातळ पट्टी, आणि मग काचपेपर. या टप्प्यावर डोळा कमी पडतो. दिवा एका बाजूने खाली धरला तर उंचवट्यांच्या सावल्या दिसतात, पण कुठला पैलू अजून शिल्लक आहे हे बोटांच्या टोकांना आधी कळतं. घडवणारा आपला हात नेकवरून फिरवतो तो अगदी वाजवणाऱ्यासारखा, अंगठा मागे आणि बोटं पुढे. बनवणं आणि तपासणं या दोन गोष्टी इथे एकच होतात, आणि माझ्या मते या कामाचं सुख तिथेच आहे.

नेकचा आकार नेहमीच तळहातावर सोडता येत नव्हता. नायलॉनच्या तारांचा एकूण ताण साधारण चाळीस किलो असतो, पोलादी तारांचा सत्तरच्या पुढे जातो. तो पेलण्यासाठी पूर्वी नेक जाडच ठेवावी लागे. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या गिब्सन कारखान्यात थॅडियस मॅकह्यू यांनी नेकच्या पोटात घट्ट-सैल करता येणारी पोलादी सळी घालण्याची युक्ती काढली, आणि १९२३ साली तिचं पेटंट मिळालं. बाक सांभाळायला सळी आली आणि नेक पातळ करण्याची मोकळीक मिळाली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा गिब्सनच्या अनेक गिटार सळीविना निघाल्या आणि त्यांची नेक पुन्हा जाडजूड झाली.

कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये लिओ फेंडर यांनी १९५०पासून मेपलची एकसंध नेक स्क्रूने बसवण्याची पद्धत बाजारात आणली. हा कारखान्याचा माल होता, तरी नेकची पाठ शेवटी माणूसच सँडरच्या फिरत्या पट्ट्यावर हाताने धरून उतरवायचा. टाडेओ गोमेझ हा तिथला नावाजलेला कामगार. १९५०च्या दशकातल्या कित्येक नेकच्या टाचेवर त्याची आद्याक्षरं सापडतात आणि संग्राहक ती शोधत असतात. त्या काळातल्या दोन नेक एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. काही जवळजवळ इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या, काही भरदार गोल. गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही गिटार फेंडरच्या तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारांचे भाग जोडून तयार झाली होती आणि तिची नेक अशीच निमुळत्या पाठीची होती. १९८८ साली फेंडरने क्लॅप्टनच्या नावाची गिटार काढली तेव्हा हा आकार मुद्दाम राखला. आता संगणकावर चालणारं यंत्र काही मिनिटांत नेक कोरतं, आणि टेलर कंपनीने ते तंत्र फार अचूकपणे वापरलं आहे. माझी त्याला हरकत नाही. पण यंत्राला दिलेल्या अनेक नामांकित आकारांची मूळ प्रत कुणाच्या तरी हाताखाली उतरलेली आहे, हे विसरू नये.

उलट बाजूचा दाखलाही आहे. हवाइयन पद्धतीची गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पट्टी सरकवत वाजवतात. नेकच्या मागे हात जातच नाही, म्हणून त्यासाठी खास बनवलेल्या गिटारची नेक सरळ चौकोनी सोडतात.

स्पॅनिश नेकसाठी वापरतात ते लाकूड सेड्रेला ओडोराटाचं. हलकं, सरळ रेषांचं, सुवासिक. सिगारच्या पेट्याही त्याच्याच होतात. ते महोगनी आणि कडुलिंबाच्या कुळातलं आहे. त्याचा अगदी जवळचा भाऊ आपल्याकडे आहे, तो म्हणजे तून. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पूर्वी तूनला सेड्रेला याच प्रजातीत घातलं होतं, पुढे वेगळं काढलं. मिरजेत तंबोऱ्याची आणि सतारीची दांडी कोरतात ती तूनच्याच लाकडात. लाकूड कर्नाटकातल्या जंगलांतून येतं आणि भोपळे मंगळवेढ्याकडून. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब या कारागिरापासून त्यांच्या घराण्यांत वाद्यांचं काम आलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गिटारची नेक भरीव, तंबोऱ्याची दांडी आतून पोकळ, पण पाठीची गोलाई उतरवण्याचं शास्त्र एकच, आणि धारेची पारखही तीच.

सेड्रेलाच्या सगळ्या जाती २०२०पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत, तून त्या यादीत नाही. कुणाला नेक घडवून पाहायची हौस असेल तर महागड्या आयात लाकडाच्या मागे न लागता चांगला वाळलेला, सरळ रेषांचा, बिनगाठीचा तूनचा तुकडा शोधावा. सागवान जड आणि तेलकट, त्याच्या वाटेला जाऊ नये. एक रास्प, एक छोटा रंधा आणि एक स्क्रेपर एवढ्यावर काम भागतं. मात्र लाकडाला हात लावण्याआधी धार लावायला शिका, आणि शक्य असेल तर मिरजेला जाऊन एखाद्या कारागिराला दांडी उतरवताना पाहून या.