सेल्फ 'खट्' करतो, पण गाडी चालू का होत नाही?



वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगरांच्या बाजूस गोखिवरे आहे. लहानमोठ्या कारखान्यांच्या गाळ्यांचा हा भाग. पावसाळ्यात सकाळी कामावर निघायच्या वेळी एखादी मोटार रुसून बसते आणि भोवती चार माणसे जमतात, हे दृश्य इथे काय किंवा तुमच्या गावात काय, सारखेच. एक म्हणतो, "बॅटरी उतरली." दुसरा म्हणतो, "प्लग गेला असेल." तिसऱ्याचा संशय पेट्रोलच्या पंपावर. चौथा म्हणतो, "ढकला, होईल चालू!"

यांपैकी कोणाचे तरी बरोबर असेलही. पण कोणाचे, हे ठरवायचे कसे? अंदाजाने एकेक भाग बदलत गेले तर खिसा हलका होतो आणि दोष कित्येकदा तसाच राहतो. त्यापेक्षा गाडीलाच नेमके प्रश्न विचारावेत. तिची उत्तरे समजण्यासाठी शाळेत शिकलेला ओहमचा नियम जवळजवळ पुरेसा आहे.

प्रथम, इंजिन चालू होताना काय घडते ते पाहू. पेट्रोलचे इंजिन आपण होऊन फिरू लागत नाही. सुरुवातीला ते कोणीतरी फिरवावे लागते. पूर्वी त्यासाठी पुढून लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवीत. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हे कष्टाचे व धोक्याचे काम हळूहळू संपले. हाच आपला 'सेल्फ'. चावी फिरवली की एक लहान धारा सोलेनॉइड नावाच्या विद्युतचुंबकाकडे जाते. तो आपल्या दट्ट्याला ओढून एक जाड स्विच बंद करतो. त्या स्विचमधून बॅटरीची मोठी धारा स्टार्टरच्या मोटरला मिळते, आणि मोटर इंजिन फिरवते. इंजिन फिरू लागल्यावर हवा, इंधन आणि योग्य क्षणी ठिणगी या तिन्ही गोष्टी मिळाल्या की ते स्वतःच्या बळावर चालू लागते.

म्हणजे ही एक साखळी झाली. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा, की ज्याने साखळीचे दोन तुकडे पडतील: चावी फिरवल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते का?

'हो' असे उत्तर आले, तर बॅटरी, तिच्या जाड तारा आणि स्टार्टर हे सगळे एकदम निर्दोष सुटले. दोष इंधन, ठिणगी किंवा हवा यांत शोधायचा. 'नाही' असे उत्तर आले, तर प्लग आणि पेट्रोल यांचा विचार तूर्त सोडून द्यायचा. एकाच प्रश्नाने निम्मे संशयित कमी झाले!

समजा, उत्तर 'नाही' आहे. आता दुसरा प्रश्न. समोरचे मोठे दिवे लावा आणि ते पाहत असताना दुसऱ्या कोणाला चावी फिरवू द्या. दिव्यांचे काय होते?

दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फचा आवाजही आला नाही, तर मोठी धारा निघालीच नाही असे समजावे. मग चावीचा स्विच, रिले, सोलेनॉइड किंवा त्यांच्या तारा तपासाव्या लागतात. काही मोटारींत क्लच दाबल्याविना, तर स्वयंचलित गिअरच्या मोटारींत गिअर योग्य जागी असल्याविना सेल्फ लागतच नाही. हे आधी पाहावे.

दिवे एकदम मंद झाले, तर मात्र धारा निघाली आहे, पण दाब टिकत नाही. कित्येकदा अशा वेळी 'टक् टक् टक्' असा भराभर आवाज येतो. शाळेची विजेची घंटा आठवा. सोलेनॉइड स्विच बंद करतो. मोठी धारा वाहू लागताच बॅटरीचे विभवांतर कोसळते. सोलेनॉइडची पकड सुटते आणि स्विच उघडतो. विभवांतर पुन्हा वाढते आणि सोलेनॉइड पुन्हा ओढतो. घंटेप्रमाणे हे चक्र चालू राहते.

इथे पुष्कळ लोक फसतात. ते म्हणतात, "दिवे तर चांगले लागतात, मग बॅटरीकडे दोष कसा असेल?" याचे उत्तर आकड्यांनी देऊ. मोटारीच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीचे सुमारे १२.६ व्होल्ट. हिशेबासाठी १२ धरू. ५५ वॅटचे दोन दिवे मिळून सुमारे ९ अँपिअर धारा घेतात, म्हणजे त्यांचा रोध सुमारे १.३ ओहम. लहान मोटारीचा स्टार्टर मात्र १०० ते २०० अँपिअर घेतो. आपण १५० धरू. म्हणजे त्याचा रोध केवळ ०.०८ ओहम मानता येईल. (फिरणारी मोटर साध्या रोधकासारखी वागत नाही, पण आपल्या कामापुरता हा हिशेब चालेल.)

आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी साचली आहे असे समजा. आम्लाची वाफ आणि धातू यांच्या क्रियेतून हे सल्फेट तयार होतात. दमट हवेत ते अधिकच जमतात. त्यामुळे त्या सांध्यात ०.०५ ओहम एवढाच रोध वाढला.

दिव्यांच्या मंडलात एकूण रोध १.३५ ओहम झाला. धारा ८.९ अँपिअर, आणि दिव्यांना सुमारे ११.५ व्होल्ट मिळतात. फरक डोळ्यांना जेमतेम जाणवेल. स्टार्टरच्या मंडलात मात्र रोध ०.०८ वरून ०.१३ ओहम झाला. धारा १५० वरून ९२ अँपिअरवर आली, स्टार्टरला जेमतेम ७.४ व्होल्ट मिळाले, आणि त्याची शक्ती १८०० वॅटवरून ६८० वॅटवर घसरली! तोच सांधा दिव्यांना चालतो आणि स्टार्टरला अडवतो.

जुन्या, थकलेल्या बॅटरीतही असेच होते. तिथे हा रोध बॅटरीच्या पोटात, आंतररोधाच्या रूपाने वाढलेला असतो. मग दोष सांध्याचा की बॅटरीचा? शिक्षकांसमवेत किंवा मेकॅनिकच्या देखरेखीखाली ही तपासणी पाहा. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवर बसवलेल्या तारेच्या पकडीवर ठेवतात आणि सेल्फ मारतात. वाचन शून्याजवळ राहिले तर सांधा चांगला. दोन-चार व्होल्ट दिसले तर सांधा साफ करून घट्ट बसवला की काम झाले. नवी बॅटरी घेण्याचा खर्च वाचला. मात्र बॅटरीजवळ ज्वाला नेऊ नये आणि तिच्या दोन्ही टर्मिनलांना एकाच वेळी पाना टेकू देऊ नये.

आता साखळीच्या दुसऱ्या तुकड्याकडे वळू. इंजिन जोमाने फिरते, पण पेटत नाही. आधी टाकीत पेट्रोल आहे ना, ते पाहावे! आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत चावी 'ऑन' करताच पंपाचा क्षणभर बारीक गुणगुणता आवाज येतो. तो आला नाही तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले यांच्यावर संशय घ्यावा. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात ओल धरे. हजारो व्होल्टची वीज ठिणगीच्या जागेऐवजी ओल्या वाटेने निसटे. चालक झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसत आणि गाडी चालू होई. तो हाच नियम: विजेला सोपी वाट दिसली की ती तिकडून जाते.

एका प्रसंगी मात्र वरचा पहिला प्रश्नसुद्धा विचारायचा नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला. नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी आल्याने लोकलगाड्या थांबल्या. अशा पुरात बुडालेल्या गाडीची चावी कधीही फिरवू नये. का?

१२०० घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दट्ट्या ३०० घन सेंटिमीटर जागा व्यापतो. संपीडन गुणोत्तर १० असेल, तर दट्ट्या सर्वांत वर असताना उरणारी जागा ३०० भागिले ९, म्हणजे सुमारे ३३ घन सेंटिमीटर. हवा दाबून एवढ्या जागेत मावते. पाणी मात्र शंभर वातावरणांच्या दाबाखालीही अर्ध्या टक्क्याच्या आसपासच आकसते. म्हणजे दोन-सव्वादोन मोठे चमचे पाण्याहून अधिक पाणी सिलिंडरमध्ये असेल, तर दट्ट्या वर पोहोचूच शकत नाही. स्टार्टर जोर लावतो किंवा दुसऱ्या सिलिंडरात स्फोट होतो, आणि दट्ट्याला जोडणारा पोलादी दांडा वाकतो. वाचू शकले असते असे इंजिन त्या एका चावीने निकामी होते. डिझेल इंजिनात संपीडन अधिक, म्हणून त्याला याहूनही कमी पाणी पुरते. अशी गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी. तिथे प्लग काढून आधी पाणी बाहेर काढतात.

शेवटी एक प्रयोग. दोन विजेरीचे घट, खेळण्यातली लहान मोटर आणि १०० ओहमच्या रोधकासह एक एलईडी दिवा घ्या. मोटरच्या आसाला कागदाचा पंखा लावा. आधी दिवा आणि मग मोटर, दोन्ही पाळीपाळीने घटांना जोडून पाहा. नंतर मंडलात पेन्सिलीच्या शिशाचा तुकडा घालून पुन्हा तेच करा. दिवा आणि पंखा यांपैकी कोणावर जास्त परिणाम होतो? तसे का, हे ओहमच्या नियमाने चार ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.