ज्वारीचे पान हिरवे राहते तेव्हा

सोलापूर, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यातली रब्बी ज्वारी उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरली जाते आणि त्यानंतर बहुतेक वेळा तिला पाऊस भेटतच नाही. काळ्या, खोल जमिनीत मुरलेली ओल एवढेच तिचे भांडवल. डिसेंबरात कणीस बाहेर पडते आणि दाणा भरायच्या ऐन वेळी, म्हणजे जानेवारीत, ती ओल संपत आलेली असते. जमिनीला भेगा पडतात, मुळे तुटतात. ताट मग खालच्या पानांपासून वाळू लागते. दाणा भरण्यासाठी ते स्वतःच्या पानांतला आणि धाटातला साठा ओढून घेते. धाट पोकळ आणि दुबळे होते. जमिनीत टपून बसलेली खडखड्या रोगाची बुरशी अशाच धाटात शिरते आणि उभे पीक आडवे होते.

पण काही ज्वारींचे तसे होत नाही. शेजारच्या ओळी पिवळ्या पडल्या तरी त्यांची वरची पाने हिरवी असतात, दाणा टपोरा भरतो आणि धाट उभे राहते. शास्त्रज्ञ या गुणाला ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात. इथिओपियातल्या एका पारंपरिक ज्वारीपासून तयार झालेला ‘बी-३५’ हा वाण या गुणासाठी जगभर प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये त्याच्या गुणसूत्रांचा माग काढताना चार जागा ठळकपणे सापडल्या. त्यांना ‘एसटीजी-१’ ते ‘एसटीजी-४’ अशी नावे मिळाली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत त्यांच्यावर अनेक वर्षे काम झाले आहे. ज्वारीच्या दुष्काळ-जनुकशास्त्रावर पीएच.डी. करणाऱ्या कुणाचाही रस्ता या चार जागांवरून जातोच.

ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच २००९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १० गुणसूत्रे आणि सुमारे ७३ कोटी अक्षरे एवढा त्याचा पसारा. माणसाचा जनुकसंच ३०० कोटींच्या घरात आहे आणि गव्हाचा त्याहूनही कितीतरी मोठा, त्यामुळे ज्वारीचे पुस्तक त्या मानाने आटोपशीरच म्हणायचे. अडचण पुस्तकाच्या जाडीची नाही. दुष्काळ सोसणे हा गुण एका जनुकाचा नसतो. रक्तदाबाचे ‘एक’ जनुक सापडत नाही, तसेच हे आहे. थोडाथोडा वाटा असलेली असंख्य जनुके आणि त्यांच्यावर जमीन, हवामान यांचा पगडा. म्हणूनच ‘एसटीजी’चा एखादा खंड एका वाणात घातला की परिणाम दिसतो, दुसऱ्या वाणात तोच खंड मुकाट बसून राहतो.

या संशोधनात जनुके वाचण्याचे काम आता सर्वांत सोपे झाले आहे. यंत्र ते काही दिवसांत करते. वर्षे जातात ती शेतात. दोन भिन्न वाणांच्या संकरातून पुढे काढलेल्या शेकडो वंशावळी दोन-तीन रब्बी हंगाम पेरायच्या. निम्मे वाफे भिजवायचे, निम्मे कोरडे ठेवायचे. प्रत्येक ताटाच्या पानांचा हिरवेपणा उपकरणाने आठवड्यामागून आठवडे मोजायचा आणि शेवटी दाणे व कडबा तोलायचा. नोव्हेंबरात एक अवकाळी सर आली की ‘कोरडा’ वाफा कोरडा राहत नाही आणि विद्यार्थ्याचे एक वर्ष वाहून जाते. शेतकरी ज्या पावसाला हात जोडतो, त्याच पावसाला हा उमेदवार कपाळावर हात मारतो.

मुळे तर दिसतच नाहीत. त्यासाठी इक्रिसॅटमध्ये सुमारे दोन मीटर लांबीच्या प्लास्टिकच्या नळ्यांत माती भरून त्यात ज्वारी वाढवतात. नळी साखळीला अडकवून उचलायची, वजन करायचे आणि ते किती घटले त्यावरून झाडाने किती पाणी वापरले ते काढायचे. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या पाण्याच्या जमाखर्चाचा तक्ता ठेवतात, तसाच हा ज्वारीचा तक्ता.

या तक्त्यांनी आणि शेतातल्या मोजमापांनी एक जुनी समजूत बदलली. हिरवी राहणारी ज्वारी शेवटी शेवटी काहीतरी अचाट करते असे पूर्वी वाटे. प्रत्यक्षात तिची हुशारी फुलोऱ्याच्या आधीची निघाली. ‘एसटीजी’ खंड असलेल्या ताटांना फुटवे कमी येतात, वरची पाने आकाराने लहान राहतात, त्यामुळे सुरुवातीला पाणी कमी खर्च होते. पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यातच हात आखडता घेणाऱ्या घरात महिनाअखेरीस पीठ शिल्लक असते, त्यातलाच हा प्रकार. दाणा भरताना जमिनीत उरलेले थोडेसे पाणी त्या काळात फार मोलाचे ठरते. या खंडांमध्ये ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची वाहतूक करणारी जनुके आहेत आणि सध्या संशय त्यांच्यावर अधिक आहे.

अर्थात काटकसरीची किंमत असते. पाऊस भरपूर झाला तर लहान पानांचे ताट मागे पडते. ‘सर्वत्र चालणारा दुष्काळरोधक वाण’ ही जाहिरातीची भाषा आहे, शेताची नव्हे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’ आणि भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ असे वेगवेगळे वाण दिले आहेत, त्यामागे हाच विचार आहे.

झाडाकडे आणखीही उपाय असतात. शरीरात पाणी कमी पडले की माणसाचा मेंदू एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतो. झाडाला मूत्रपिंड नाही; त्याचा मोठा खर्च पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून होतो. पाणी कमी पडू लागले की अॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक ती छिद्रे मिटवते. ज्वारीच्या धाटावर बोट फिरवले की जी पांढरी भुकटी लागते, ते मेणही पाणी अडवण्यासाठीच.

एक उपाय मात्र जिवावर बेतणारा आहे. ज्वारीत धुर्रिन नावाचे द्रव्य असते आणि पान चावले गेले की त्यातून सायनाइड तयार होते. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या पिकात ते जास्त. अशी ज्वारी खाऊन गुराला ‘किराळ’ लागते, ती हीच विषबाधा. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून शिरेतले रक्तही लालभडक दिसते. त्यावर दिले जाणारे सोडियम थायोसल्फेट माणसाच्या सायनाइड विषबाधेतही वापरतात. काही अभ्यासांत हिरव्या राहणाऱ्या वाणांच्या पानांत धुर्रिन अधिक आढळले आहे. झाड त्याचा नत्राचा साठा म्हणून उपयोग करत असावे. तेव्हा हिरवेपण वाढवताना चाऱ्यातले विषही तपासावे लागते. पिकलेल्या दाण्यात धुर्रिन नसते, भाकरी खाणाऱ्यांनी घाबरू नये.

भाकरीबद्दल दोन शब्द. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे सिलिअॅक आजार असलेल्यांना ती चालते. मधुमेहींनी मात्र भाकरी म्हणजे मोकळे रान समजू नये. तिच्यातही पिष्टच आहे आणि किती खाल्ली ते मोजावेच लागते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले, शहरात ज्वारीचे कौतुक वाढले, पण महाराष्ट्रात तिचे क्षेत्र गेली अनेक वर्षे घटतच आले आहे. जी टिकून आहे ती बरीचशी कडब्यामुळे. दुष्काळात दाण्याइतकाच कडबा मोलाचा असतो आणि पाने हिरवी राहिलेला कडबा जनावराला अधिक पचतो.

सोलापूर भागाची मालदांडी, म्हणजे मोहोळला निवड होऊन १९३०च्या दशकात आलेली ‘एम ३५-१’, आजही रब्बीत पाय रोवून आहे. तिच्यापेक्षा जास्त उत्पन्न देणारे संकरित वाण आले आणि गेले. ‘एसटीजी’ खंड देशी ज्वारीत आणायचा तर पहिल्या संकरानंतर पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच संकर करावा लागतो आणि दर पिढीत रोपांचा डीएनए तपासून हवा तो तुकडा आलेलीच रोपे पुढे न्यावी लागतात. हे करताना दाण्याचा मोतिया रंग, गोल आकार आणि चव हरवता कामा नये, नाहीतर बाजारात भाव मिळत नाही. म्हणून रब्बीच्या नव्या वाणांच्या चाचण्यांत उत्पन्न आणि रोग यांच्याबरोबर आणखी एक परीक्षा असते. पीठ दळतात, गरम पाण्यात मळतात, भाकरी थापतात. ती थापताना फाटते का, फुगते का, आणि गार झाल्यावर मऊ राहते का, याचेही गुण मांडले जातात.